साडूची दुपार

माझा साडू दुपारी एक ते चार लॉज बंद ठेवतो. म्हणजे लॉजचं दार उघडंच असतं, बंद असतो तो साडू. काउंटरवर एक पाटी ठेवतो, तिच्यावर खडूने लिहिलेलं असतं, ‘जेवायला गेलो आहे. चारला येईन. किल्ल्या भिंतीवर आहेत, पाणी माठात आहे.’ मग मागच्या घरात जाऊन मांडी घालून जेवतो आणि झोपतो. आलेल्या गिऱ्हाइकाने आपली आपण किल्ली घ्यायची, आपली आपण खोली उघडायची, आधार कार्डाची झेरॉक्स काउंटरवरच्या बिस्किटाच्या डब्यात टाकायची. हे असं कुठल्या धंद्यात चालतं? त्याच्या चालतं. मोबाईलवर त्याच्या लॉजला चार पूर्णांक सात तारे आहेत. मला तीन पूर्णांक नऊ.

माझ्या लॉजला नऊ खोल्या आहेत, त्याच्या सहा. माझा हायवेला, त्याचा आत गल्लीत, त्याच्या राहत्या घराला जोडून. माझ्या प्रत्येक खोलीत गिझर आहे. त्याच्याकडे गच्चीवर सोलर, आणि आभाळ आलं की बादलीने पाणी तापवून देणार. शिर्डीहून शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्या माझ्या दारावरून जातात, त्याचा लॉज शोधायला चौकात दोनदा विचारावं लागतं. तरी लोक विचारतात आणि जातात. मी पूर्वी एका पतसंस्थेत क्लार्क होतो, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय मला कशाचाच विचार करता येत नाही. साडूचा हिशेब मी कितीदा तरी मांडून पाहिला. तो कधी जुळला नाही.

मी त्याच्यावर जळतो. घरात मी हे कधी उघड बोललेलो नाही, पण बायकोला कळतं, कारण साडूचा विषय निघाला की मी पाण्याच्या मोटरचा विषय काढतो. तिच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. आधी टेम्पो चालवायचा. लॉज त्याने माझ्यानंतर काढला, आणि काढण्याआधी माझ्याकडेच येऊन विचारलं, “साडूभाऊ, ह्या धंद्यात काय काय लागतं?” मी त्याला चादरी कुठून घ्यायच्या, धोबी कोणता, पोलीस स्टेशनला काय कळवायचं, सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, “आणि काउंटर सोडायचं नाही. मालक दिसला पाहिजे.” बाकी सगळं त्याने ऐकलं. एवढं सोडून.

मी काउंटर सोडत नाही. सकाळी सहाला खोल्यांवर चहा जातो, तो मी स्वतः नेतो. सातला कप आणायला जातो तेव्हा झोप लागली का विचारतो. आठला गरम पाणी आलं का विचारतो. बाहेरून कोणी आलं की दहा मिनिटांनी दार वाजवून काही हवंय का विचारतो. निघताना परत विचारतो. एवढं करून लोक तारे देताना हात आखडतात. एकाने लिहिलं होतं, ‘मालक सारखी विचारपूस करतात,’ आणि दोनच तारे दिले होते. इतकं चांगलं लिहून तारे कमी का, ते मला कळलं नाही. बोट चुकून दुसरीकडे पडलं असेल असं मी धरलं. मुलगी शिकायला पुण्याला असते, तिने फोनवर सांगितलं, “पप्पा, मावसांना आज परत पाच तारे. लिहिलंय, घरच्यासारखं वाटलं.”

“घरच्यासारखं म्हणजे? तो तर घरात झोपलेला असतो,” मी म्हणालो.

ती हसली. मी हसण्यासाठी बोललो नव्हतो.

लॉज काढल्यापासून मी आणि बायको कुठल्याही कार्याला जोडीने गेलेलो नाही. आम्ही वाटून घेतलं आहे. लग्नाला ती, मातीला मी. लग्नं बहुतेक रविवारी असतात आणि रविवारी माझ्याकडे गर्दी असते. माणूस कुठल्याही वारी जातो, आणि मातीला तासाभरात परत येता येतं. ह्या वाटणीचा परिणाम असा झाला की एकदा चुकून मी एका लग्नाच्या मांडवात शिरलो, तर दारातल्या म्हातारीने माझ्याकडे बघून छातीवर हात ठेवला. “अगं बया! कोन गेलं?”

साडू त्याच मांडवात होता. बायकोला घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, दुसऱ्या पंगतीला वाढत होता. तो सगळ्यांत मोठ्याने हसला.

दुपारचा डबा बायको स्वतः आणून देते. आमचं घर लॉजपासून जवळ आहे, देवळामागच्या गल्लीत. साडूचं घर त्याच्या पुढच्या गल्लीत. पाऊण वाजता ती येते, डबा काउंटरवर ठेवते, कालचा रिकामा डबा घेते आणि जाते. जाऊन घरी जेवत असेल, असं मी धरून चालत होतो. मी डबा उघडून एका हाताने भाकरी मोडतो, दुसऱ्या हाताने फोन धरतो. बाहेरून उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून जातात, फोनमधलं नीट ऐकू येत नाही, मला ओरडावं लागतं. कधी मला वाटायचं, ह्या घटकेला साडू गरम भाकरी खात असेल. मग माझी भाकरी आणखीच गार लागायची.

चार नंबरच्या खोलीची गोष्ट ह्याच्या मध्येच येते. आम्ही ख्रिस्ती, चर्चला देऊळच म्हणतो. दरवर्षी आमच्या मंडळीची उपकारस्तुती असते. हंगाम घरात आला की देवाचे आभार मानायचे, प्रत्येकाने शेतातलं, घरातलं काहीतरी आणून देवळात ठेवायचं, उपासनेनंतर त्याचा लिलाव. त्याला एक म्हातारं जोडपं पुण्याहून येतं. आजोबांचे वडील इथल्या शाळेत मास्तर होते, आई-वडील दोघांचीही माती इथलीच. हे दोघे येतात, कबरींना चुना देतात, थोडा वेळ बसतात, उपकारस्तुती झाली की एक-दोन दिवसांत परत जातात. उतरतात माझ्याकडे, चार नंबरला. आजोबांचा गुडघा दुखतो म्हणून मी त्या खोलीत कमोड बसवून घेतला. मागच्या वर्षी भिंतीला धरायला दांडी लावली. ह्या वर्षी रंग दिला. हे मी कुणाला दाखवायला केलं नाही. पण त्यांनी ते बघावं असं मला वाटत होतं.

उपकारस्तुतीच्या आधीच्या गुरुवारी बायको डबा घेऊन आली. डबा ठेवता ठेवता म्हणाली, “चार नंबर आता अडवून ठेवू नका.”

“का? आजी-आजोबा उद्या येतायत.”

“आले. काल संध्याकाळीच आले. धाकटीकडं उतरलेत.”

मी चार नंबरच्या किल्लीकडे बघितलं. मग म्हणालो, “तिच्याकडे कमोड नाही.”

“नसेल.”

“मग गुडघ्याचं काय?”

“ते त्यांच्या गुडघ्याला विचारा.”

“तुझ्या बहिणीने ओढून नेलं असेल. नाहीतर त्याने. स्टँडवर उभा राहिला असेल.”

“अहो, तो माणूस दुपारी उठत नाही, तो स्टँडवर कुठला उभा राहतोय?” ती म्हणाली. “रविवारी उपकारस्तुती आहे. या आणि त्यांनाच विचारा. आम्हा बायकांचं गाणं आहे, पहिलं कडवं मला एकटीला दिलंय. गाण्यासाठी नका येऊ. विचारण्यासाठी तरी या.”

गाण्यासाठी ये, असं ती गेली कित्येक वर्षं म्हणत होती. मी दरवर्षी चेक-आउटचं कारण सांगायचो. ह्या वेळी मात्र मी एका शब्दात हो म्हणालो. तिचा चेहरा उजळला, ते मी पाहिलं. तिने ते गाण्याच्या नावावर जमा केलं असावं. मी दुरुस्ती केली नाही.

रविवारी खोल्या झाडणाऱ्या मावशींना काउंटरवर बसवून मी देवळात गेलो. खांबांना ऊस बांधले होते. पुढे डांगरं, बाजरीची कणसं, अंडी, ताजी मेथी, पाय बांधलेला एक कोंबडा. साडू माझ्या पुढच्या बाकावर होता आणि आजोबा त्याच्या शेजारी. मागून साडूची मान दिसत होती. पुरती झोप झालेल्या माणसाची मान होती ती. बायकांचं गाणं सुरू झालं, संपलं. मी ती मान बघत होतो आणि आजोबा त्याच्या कानात काय बोलले असतील ह्याचा अंदाज करत होतो. मध्येच ते दोघे एकाच पुस्तकातून गायला लागले.

बाहेर साडूने मला पाहिलं. “सलाम साडूभाऊ! आज हायवे बंद हाय का काय?”

लोक हसले. तो लिलावात कोंबड्यावर बोली लावायला गेला तेवढ्यात मी चहाचा कप घेऊन त्या दोघांसमोर उभा राहिलो आणि सरळच विचारलं. मला आडून बोलता येत नाही.

“आजोबा, आमचं काही चुकलं का?”

ते कपात बघायला लागले. “छे छे. तुमच्याइतकं कोण करतं?”

“मग?”

आजींनी त्यांच्या हातातला कप काढून कठड्यावर ठेवला. “मी सांगते. रागावू नका हं. तुम्ही फार चांगले आहात, पण तुम्ही सारखे दार वाजवता.”

“विचारायला वाजवतो.”

“हो, विचारायलाच. आता ऐका. आम्ही कबरीवरून परत येतो. ह्यांना आई-वडिलांची आठवण येते. तिथे चार लोक असतात, तिथे हे रडत नाहीत. खोलीवर आले की रडतात. वर्षातून तेवढंच. आणि तेवढ्यात तुम्ही दारावर. काही हवंय का? हे डोळे पुसून दार उघडतात, काही नको म्हणतात. मागच्या वर्षी हे बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. आवाज जाऊ नये म्हणून.”

“जाऊ दे गं,” आजोबा म्हणाले.

“आणि मग तुम्ही नळ का वाहतोय ते विचारायला आलात.”

मला तो नळ आठवत होता. टाकीतलं पाणी खाली चाललं होतं म्हणून मी वर गेलो होतो. आजोबा दार उघडून म्हणाले होते, “बंद करायचा राहिला.” मी त्यांना म्हणालो होतो, “काही हरकत नाही, पण पुढच्या वेळी लक्ष ठेवा.”

“तुमच्या साडूकडे दुपारी दारावर कोणीच येत नाही,” आजी म्हणाल्या. “सगळं घर आमचं. हे अंगणात बनियनवर बसतात, मोठ्याने वडिलांची गाणी म्हणतात. कमोड नाही, ते खरं आहे. मी हात धरते.”

समोर साडू कोंबडा उलटा धरून हसत येत होता. कोंबडासुद्धा त्यालाच मिळाला होता.

घरी येताना बायको म्हणाली, “गाणं कसं झालं?”

“छान.”

“मधेच माझा आवाज अडकला, कळलं?”

“नाही.”

“अडकला नव्हता,” ती म्हणाली, आणि पुढे चालायला लागली.

त्या संध्याकाळी मी काउंटरवर बसून विचार केला. चादरीत मी त्याच्या पुढे, पाण्यात पुढे, जागेत पुढे. पण जो माणूस जागेवर नसण्यात पुढे आहे, त्याच्यापुढे जायचं कसं? जागेवर बसून तर ते जमणार नव्हतं. मग मी ठरवलं, तो बंद ठेवतो तर मीही ठेवीन. शहाणपण आलं म्हणून नाही, ईर्ष्या म्हणून. सकाळी मी पाटी तयार करून घेतली. खडूची नाही, कॉम्प्युटरवर छापलेली, लॅमिनेट केलेली: ‘दुपारी १ ते २.३० कार्यालय बंद. तातडीसाठी फोन करावा.’ फोन नंबर दोनदा घातला, वर आणि खाली.

सोमवारी पाऊण वाजता बायको नेहमीप्रमाणे डबा ठेवून गेली. तिला मी काही सांगितलं नाही. एक वाजला. मी पाटी उभी केली, किल्ल्या खिळ्यांना लावल्या आणि डबा हातात घेऊन घरी निघालो. रस्त्यात मनात ताट मांडत होतो. गरम भाकरी, समोर ती, साडूसारखी मांडी. नंतर वाटलं तर झोपसुद्धा.

दाराला कुलूप होतं.

मी फोन केला. “कुठं आहेस?”

“धाकटीकडं. का हो, काय झालं?”

“जेवण?”

“इथंच. रोजचंच की.”

“रोजचं म्हणजे?”

मागे भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी हसत होतं. साडूचा आवाज आला, “कोन हाय, ताई?” ती म्हणाली, “हे आहेत.” मग मला म्हणाली, “अहो, झालंय काय? लॉजवर काही झालं का?”

“लॉज बंद आहे,” मी म्हणालो.

मग ती म्हणाली, “या इकडं.”

मी डबा घेऊन पुढच्या गल्लीत गेलो. काउंटरवर ती खडूची पाटी होती, कोणी नव्हतं. मागच्या घरात सगळे खाली बसून जेवत होते. माझी बायको खिडकीखाली बसली होती आणि ती जागा तिचीच आहे हे कुणी न सांगताही कळत होतं. तिच्या पाठीमागे भिंतीला उशी लावलेली होती. तिची पाठ दुखते.

“या दाजी,” मेहुणी उठून म्हणाली. “आज सूर्य कुठं उगवला?”

“साडूभाऊ, बसा, बसा,” साडू सरकला. “पयल्यांदा दुपारचं पाहतोय तुमाला. उन्हात बरे दिसता.”

मी बसलो. मेहुणीने तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकली. बायकोने दुसरी भाकरी घेतली, आणि साडूने न बघता, बोलता बोलता, ठेच्याची वाटी तिच्याकडे सरकवली. तिने ठेचा घेतला आणि वाटी परत सरकवली. दोघांपैकी कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं. माझ्या बायकोला दुसऱ्या भाकरीबरोबर ठेचा लागतो, हे साडूला माहीत होतं. मला नव्हतं. त्याचे चार पूर्णांक सात तारे मी इतकी वर्षं मनात घोळवत होतो, ते त्या क्षणी मला क्षुल्लक वाटले. ह्या वाटीचा हिशेब कुठे मांडायचा?

“कधीपासून?” मी बायकोला हळूच विचारलं.

तिने हळू उत्तर दिलं नाही. “पोरगी पुण्याला गेली तेव्हापासून. एकटीला घास उतरेना. तुम्हाला सांगितलं होतं की. तुम्ही बरं म्हणालात आणि फोन घेतलात.”

“दाजी, तुमचा डबा द्या इकडं,” मेहुणीने विषय बदलला. तिने डबा उघडला, माझ्या भाकऱ्या मध्ये ठेवल्या. साडूने त्यातली एक उचलली, भाजीला लावली. “ताई, तुमची गार भाकरी लई गोड लागती,” तो म्हणाला, आणि खरोखर मिटक्या मारत खाल्ली. वर्षानुवर्षं मी तीच भाकरी गिळत होतो. त्याला तीही गोड लागली.

एवढ्यात पुढे गाडीचा हॉर्न वाजला. दारं आपटली, लहान मूल किंचाळलं. मी अर्धा उठलो होतो.

“बसा हो,” साडू म्हणाला. “किल्ली दिसती त्यांना.”

“त्यांना पाणी...”

“माठ दिसतो.”

बायकोने माझ्या ताटात ठेचा वाढला. “बसा.”

मी बसलो. पुढे किल्ल्या खळखळल्या, कोणीतरी मोठ्याने पाटी वाचली, कोणीतरी हसलं, मूल माठापाशी गेलं असावं, तांब्या वाजला. एक दार उघडलं आणि लागलं. बस, एवढंच. माझा घास हातात तसाच होता.

हात धुवायला मी अंगणात गेलो. अंगणाच्या पलीकडे आजी-आजोबांची खोली होती. दार लोटलेलं होतं. आतून आजोबांचं गाणं ऐकू येत होतं, मध्येच तुटत होतं, परत सुरू होत होतं. माझे पाय दाराकडे वळले होते. काही हवंय का, हे शब्द तोंडात आलेले होते. मग मागे बघितलं तर बायको उंबऱ्यात उभी होती, टॉवेल घेऊन. मी तिच्या हातातला टॉवेल घेतला.

अडीचला आम्ही दोघं निघालो. त्या गल्लीतून आम्ही जोडीने कधी चाललो होतो, मला आठवेना. माझा फोन तीनदा वाजून गेला होता. मी तो खिशातून काढला नव्हता, पण हात सारखा तिकडे जात होता.

लॉजच्या वळणाशी ती थांबली. “उद्या काय करू? डबा की ताट?”

“ताट.”

“मग एकला या. एक दहापर्यंत वाट बघीन, मग मी चालले धाकटीकडं.”

“बरं.”

ती थोडं पुढे जाऊन परत वळली. “धाकटीकडं चुकल्यासारखं होईल सगळ्यांना. तुमच्या साडूंना तर जास्तच. तिथे ठेचा खायला मीच असते.”

साडूला चुकल्यासारखं होईल, हे ऐकून मला फार बरं वाटलं. त्या आनंदात मी पाटी उचलून काउंटरवर बसलो, आणि पाच नंबरचं गिऱ्हाईक बाहेरून आलं तरी दहा मिनिटांनी दार वाजवायला उठलो नाही.